डेल्को

व्यवसायबोलींचा प्रकल्प हा आमच्या विभागाचा जुना रिवाज आहे. कुंभारवाडा, सुतारआळी, कासारआळी अशा ठिकाणी जायचे, शब्द गोळा करायचे, अर्थ लिहायचे आणि जमल्यास व्युत्पत्ती द्यायची, एवढेच त्याचे स्वरूप. कुंभारवाडे ओस पडत चालल्यापासून विद्यार्थी गॅरेजांकडे वळले आहेत, आणि त्यांच्या वह्या तपासताना आमची दोघांची (आम्ही दोघेही मराठीच शिकवतो, आणि घरही एकच आहे) बरीच करमणूक होते. अशाच एका वहीत ‘डेल्को’ हा शब्द होता. अर्थ : ‘इंजिनात करंट वाटून देणारा डबा’. व्युत्पत्ती : ‘अज्ञात, बहुधा देशी’. ज्या शब्दांची उपपत्ती संस्कृतातून लावता येत नाही ते हेमचंद्राने ‘देशी’ म्हणून निराळे काढले, आणि तो न्याय लावला तर विद्यार्थ्याला गुण द्यायलाच हवे होते. परंतु या शब्दाचे मूळ सापडते. अमेरिकेच्या ओहायओ राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘डेल्को’ तयार होते. भारतीय उपखंडातील कित्येक गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला आजही याच नावाने हाक मारतात. डालडा आणि झेरॉक्स यांनी जे केले तेच या शब्दानेही केले. फरक इतकाच की डालडा म्हणताना तो एका कंपनीचा छाप होता याची अंधुक जाणीव तरी कुठे असते. डेल्को म्हणणाऱ्या मिस्त्र्याला डेटनचा पत्ताही नसतो. आणि आता ज्या वस्तूचे ते नाव आहे ती वस्तूच नव्या गाड्यांतून नाहीशी झाली आहे.

वस्तू जाते आणि शब्द उरतो, ही घटना भाषेच्या अभ्यासकांना नवी नाही. आम्हांला कुतूहल वाटले ते वस्तूविषयी. ती का आली होती, आणि का गेली?

पेट्रोलच्या इंजिनाला मराठीत ‘अंतर्ज्वलन एंजिन’ असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी नेमके आहे. चुलीसारखा विस्तव बाहेर नाही, आतच काही तरी पेटते. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र येते, दट्ट्या ती दाबतो, आणि दाब शिगेला पोचण्याच्या किंचित आधी कोणी तरी ठिणगी टाकावी लागते. ही ठिणगी बारा व्होल्टच्या बॅटरीतून मिळत नाही. प्लगच्या दोन टोकांमधली, मिलिमीटरहून थोडीशी कमी अशी फट दाबलेल्या वायूतून ओलांडायची तर पंधरा-वीस हजार व्होल्टांची गरज पडते. म्हणजे प्रश्न दोन : एवढा दाब कोठून आणायचा, आणि तो नेमक्या क्षणी कसा सोडायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या आधीच तयार होते. फॅरडेने १८३१ साली विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन दाखवले. त्यानंतर पॅरिसच्या रूमकॉर्फ या कारागिराने तारेची दोन वेटोळी एकात एक बसवून लांबलचक ठिणग्या पाडणारे यंत्र नावारूपाला आणले. १८६० साली लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात तेच वापरले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र पुष्कळांना रडवले. डाइमलरने विजेचा नाद सोडून तापलेली नळी वापरली. कार्ल बेन्झने वीजच धरली आणि प्रज्वलनाला सर्व अडचणींत वरचे स्थान दिले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्टा त्याला न सांगता मुलांसह मोटार घेऊन मानहाइमहून पफोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत प्रज्वलनाची तार उघडी पडली आणि बाईंनी मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मोटारीच्या इतिहासातली ही पहिली रस्त्यावरची दुरुस्ती मानायला आमची हरकत नाही. पुढे श्टुटगार्टच्या बॉशच्या कारखान्यात होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. ती एक स्वतंत्र परंपरा आहे. तिच्यात आम्ही शिरत नाही.

आम्हांला थांबायचे आहे ते हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’पाशी. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीवर निघाली. तिच्या चालकासमोरच्या फळीवर एक पेटी असे आणि तिच्यात लाकडी खोक्यांतल्या चार कॉइली असत. सिलिंडर चार, कॉइली चार, प्रत्येकाची आपापली. प्रत्येक कॉइलीच्या डोक्यावर पोलादाची एक पट्टी थरथरत असे, आणि तिच्या थरथरीमुळे एका ठिणगीऐवजी ठिणग्यांची सरच पडे. या गाडीच्या जवळ उभे राहिले की मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज येई, तो या पेटीचा. ठिणगी लवकर टाकायची की उशिरा हे ठरवायला सुकाणूखाली डाव्या हाताला एक दांडी होती, आणि ते चालकानेच ठरवायचे असे. हँडल मारताना दांडी मागे घ्यायला विसरले तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे.

म्हणजे आज ज्याला आपण नवी रचना म्हणतो, दर सिलिंडरला एक कॉइल, ती शंभर वर्षांपूर्वी लाकडी पेटीत होतीच. मग मध्ये हा वाटप करणारा डबा कशासाठी आला? चार कॉइली चार स्वभावांच्या असत. एकीची पट्टी लवकर थरथरे, दुसरीची अंमळ उशिरा. त्यामुळे चार सिलिंडरांत ठिणगीची वेळ सारखी राहत नसे. वेग वाढला की हा फरक जाणवू लागे.

चार्ल्स केटरिंग डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीला होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. नोकरी सांभाळून संध्याकाळी तो एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या धान्याच्या कोठारात मोटारीच्या विजेवर काम करी. त्याची कल्पना ऐकायला अगदी सोपी आहे. थरथरणारी पट्टी काढून टाका. कॉइल एकच ठेवा. तिच्यातला प्रवाह एकदाच, पण झटक्यात तोडा. तुटण्याच्या त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतील. तोडण्याचे काम इंजिनानेच फिरवलेला चार कंगोऱ्यांचा कॅम करील, आणि त्याच दांड्यावर बसलेला रोटर ती उसळी फिरत फिरत चार दारांना पोचवील. एक कॉइल, एक पॉइंट, एक वाटप करणारा. सगळ्या ठिणग्या एकाच हातून गेल्यामुळे त्यांची वेळ आपोआपच सारखी झाली. कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडने आठ हजार संचांची मागणी नोंदवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ते बसले. १९१२ मध्ये याच मंडळींचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मारण्याची कटकट संपत गेली. पुढची साठ वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी केटरिंगच्या या डब्यावर चालल्या. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनीही त्यांतलीच.

केटरिंगविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याच्या गौरवग्रंथी चरित्रांत ती घाईने उरकली जाते. या नव्या प्रज्वलनावर एक आरोप झाला : यामुळे इंजिन ठोके देते. खरे कारण इंधनात होते. दाब वाढला की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच अवेळी भडके. आरोप झटकण्यासाठी केटरिंगने टॉमस मिजली या साहाय्यकाला कामाला लावले, आणि १९२१ च्या डिसेंबरात मिजलीला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. चिमूटभर घातले की ठोके बंद. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात त्या संयुगाच्या विषाने पाच कामगार दगावले, तरीही ते पेट्रोलमध्ये राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला अखेरचा देश अल्जीरिया, २०२१ साली. शंभर वर्षे मुलांच्या रक्तात शिसे मिसळत राहिले, आणि त्या गोष्टीचा एक धागा ठिणगीच्या या डब्याला बांधलेला आहे. न्यू यॉर्कच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या नावात याच केटरिंगचे नाव आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि चरित्रकाराने दोन्ही सारख्याच सावकाश सांगायला हव्यात असे आमचे मत आहे.

आता डबा उघडू. आमच्या गावातल्या मिस्त्रींनी तो आम्हांला प्रथम उघडून दाखवला त्याला अठरा वर्षे झाली. तेव्हा आमच्याकडे कार्ब्युरेटरची एक जुनी गाडी होती, आणि कॉलेजला जायचे तर मध्ये घाट होता. वर बेकेलाइटची टोपी, तिच्यातून पाच जाड वायरी निघालेल्या : मधली कॉइलीची, भोवतालच्या चार प्लगांच्या. टोपीखाली रोटर. रोटर काढला की खाली पॉइंट, म्हणजे टंग्स्टनची दोन इवलाली टोके, आणि शेजारी अंगठ्याएवढा कंडेन्सर. मिस्त्री क्रम सांगत : ‘एक, तीन, चार, दोन.’ हा क्रम ते अशा ठेक्यात म्हणत की आम्हांला एखाद्या वृत्ताचे गण मोजल्याचा भास होई. एक-दोन-तीन-चार का नाही, असे आम्ही विचारले. चार सिलिंडरांच्या साध्या इंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या बरोबरीने वर येतात, दुसरा आणि तिसरा बरोबरीने. त्यामुळे ओळीने पेटवणे शक्यच नसते. मिस्त्रींचे उत्तर आखूड होते : ‘आसंच आस्तंय, मॅडम. पाढा थोडाच बदलतो?’

या डब्याची मोठी अडचण वेळेची आहे, आणि ती आकड्यांतच नीट दिसते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीमागे ५ मिलिसेकंद. त्यातही पॉइंट जेवढा वेळ मिटलेले असतात तेवढाच वेळ कॉइलीला भरून घ्यायला मिळतो, सुमारे ३ मिलिसेकंद. घागर अर्धी भरते न भरते तोच नळ बंद व्हावा तसा हा प्रकार. वेग वाढला की ठिणगी अशक्त होते, आणि नेमकी तेव्हाच ती सशक्त हवी असते. दुसरी अडचण झिजेची. कॅमवर घासणारा पॉइंटचा टाच-तुकडा झिजतो, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडत जाते. टोके जळतात, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड. म्हणून काही हजार किलोमीटरांनंतर गाडी मिस्त्रींकडे न्यावीच लागे. ते काचकागदाने टोके घासत, फट लावत, टायमिंग बघत. वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पडावी म्हणून डब्याच्या पोटात दोन वजने व स्प्रिंगा होत्या, आणि बाजूला पडद्याची एक डबी, जी इंजिनाच्या ओढीनुसार आणखी थोडी लवकर-उशिरा करी. फोर्डच्या चालकाच्या हातातली दांडी ती हीच. फक्त ती आता कळसूत्री झाली होती.

तिसरी अडचण पावसाची. टोपीच्या आत ओल धरली की वीस हजार व्होल्ट रोटरवरून भलत्याच दाराने निघून जातात. मुंबईच्या पावसात बॉनेट उघडून, टोपी काढून, ती फडक्याने कोरडी करणारा टॅक्सीवाला ज्यांनी पाहिला नाही अशी आमच्या वयाची माणसे थोडी असतील. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि ते चित्रही गेले.

डबा मोडीत निघाला तो टप्प्याटप्प्याने. आधी पॉइंट गेले. अमेरिकेत १९७० साली हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा कडक झाला. चुकलेली प्रत्येक ठिणगी म्हणजे न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर, त्यामुळे झिजणारे पॉइंट कायद्याला परवडेनात. १९७३ च्या सुमारास क्रायस्लरने आपल्या गाड्यांत ते काढून ट्रान्झिस्टर बसवला आणि इतरांनी पाठोपाठ तेच केले. रोटर आणि टोपी मात्र राहिली. मग तीही नकोशी झाली. पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा दट्ट्या बरोबरीने वर येतात हे आपण पाहिलेच. तेव्हा दोन तोंडांची एक कॉइल पहिल्या-चौथ्याला आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला द्यायची. दोन ठिणग्या एकदम पडतात : एक कामाची, दुसरी धूर बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरात, निरुपयोगी. इंग्रजीत हिचे नावच ‘वाया गेलेली ठिणगी’ असे आहे. दोनच सिलिंडरांच्या सित्रोएन २ सीव्हीने ही युक्ती १९४८ पासूनच वापरली होती. त्या गाडीला वाटप करणारा डबा कधी नव्हताच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या साबने प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल असलेली लांबट पेटी बसवली. शिवाय त्यांनी एक चतुराई केली. ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगमधून बारीकसा प्रवाह सोडून, तापलेल्या वायूतून तो किती वाहतो हे मोजायचे. त्यावरून आत ठोके बसताहेत का ते कळते. ज्या प्लगने पेटवायचे त्यानेच आतली बातमी आणायची. साब कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. दर प्लगवर एक कॉइल ही रीत मात्र पुढे पुष्कळ गाड्यांत रुळली.

हिशोब पुन्हा मांडला तर फायदा लगेच ध्यानात येतो. त्याच ६,००० फेऱ्यांना आता एका कॉइलीच्या वाट्याला सेकंदाला ५० च ठिणग्या येतात. ५ ऐवजी २० मिलिसेकंद. घागर काठोकाठ भरते. जाड वायरी नाहीत, रोटरची उडी नाही, ओल धरणारी टोपी नाही. कोणत्या सिलिंडरात कधी ठिणगी टाकायची हे क्रँकच्या दातेरी चाकाकडे पाहून संगणक ठरवतो. एका सिलिंडरात ठोका ऐकू आला तर तेवढ्यापुरती ठिणगी अंशभर मागे घेतो. मिजलीने ज्यासाठी शिसे ओतले ते काम आज बरेचसे इंजिनाला चिकटवलेला एक कान करतो.

या ठिकाणी आमच्यासारख्या माणसांना एक मोह होतो. चर्चासत्रांत वावरलेल्या कोणालाही तो होईल. एक केंद्र, एक वितरक, सर्वांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. मग केंद्र कोसळते आणि प्रत्येकाला आपली कॉइल मिळते. सत्तरोत्तर कवितेपासून विद्यापीठांच्या स्वायत्ततेपर्यंत काहीही या चौकटीत बसवता येईल, आणि टाळ्याही मिळतील. परंतु वस्तुस्थिती उलट आहे. जुन्या डब्यात ठिणगीची वेळ पाच-सहा ठिकाणी ठरे : वजनांत, स्प्रिंगांत, पडद्यात, पॉइंटच्या फटीत, मिस्त्रीच्या बोटांत. आज ती एका बंद पेटीतल्या तक्त्यात ठरते. कॉइली चार झाल्या, पण त्यांतली एकही स्वतः काही ठरवत नाही. हुकूम येईपर्यंत भरून राहायचे आणि हुकूम आला की सोडायचे. आपल्या मनाने थरथरणाऱ्या कॉइली फक्त फोर्डच्या लाकडी पेटीत होत्या, आणि त्या तशा थरथरत म्हणूनच काढल्या गेल्या. रूपक सोडून द्यावे हे बरे.

रूपक सोडले की मिस्त्री उरतात. त्यांचे निम्मे काम कानांचे होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. गाडी ‘मिसिंग’ करत असेल तर एकेका प्लगची टोपी उपटून बघायची. ज्या प्लगची टोपी काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. काढलेला प्लग ते उजेडात धरून वाचत. काळा आणि भुकटीदार असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, विटकरी-तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. ‘वाचत’ हा शब्द आमचा. ते ‘प्लग बोलतोय’ म्हणत. आता ते सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. कॉम्प्रेसर आणि हॉर्न यांच्या शेजारी पन्नास वर्षे गेली आणि ऐकू येणे निम्म्यावर आले. गॅरेज मुलगा चालवतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत घाट चढताना आमची सध्याची गाडी धडधडू लागली आणि समोर पिवळा दिवा लागला. तिसऱ्या गिअरात, तीन सिलिंडरांवर, धुक्यातून आम्ही कसेबसे गाव गाठले. मुलाने स्कॅनर जोडला : ‘पी ०३०३’. तिसऱ्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे. संगणकाला हे कळते तेही मोठे सुरेख आहे : मेलेला सिलिंडर धक्का देत नाही, म्हणून त्याच्या पाळीला क्रँकचे चाक रेसभर मंदावते, आणि दात्यांमधल्या वेळांची तुलना करून नेमका दोषी सांगता येतो. पण तिसऱ्यात चुकते म्हणजे कॉइल गेली, की प्लग, की इंजेक्टर? ते स्कॅनर सांगत नाही. मुलगा कॉइल मागवायला निघाला होता. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले मिस्त्री म्हणाले, ‘तिसरीची पहिलीवर टाक, पहिलीची तिसरीवर. मग बघ.’ अदलाबदल केली, दिवा पुसला, गाडी थोडी पळवली. नवा क्रमांक आला : ‘पी ०३०१’. दोष कॉइलीबरोबर चालत पहिल्या सिलिंडरात गेला होता. पाठचिकित्सेत दोन प्रतींतली चूक कोणत्या मूळ पोथीतून आली हे ठरवताना आम्ही विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते याहून फार वेगळे नाही. फक्त आमचे निकाल एवढे स्वच्छ येत नाहीत.

नवी कॉइल काही हजारांना पडली. पूर्वी पॉइंटचा सबंध संच शे-दोनशेत येई. जुनी कॉइल मिस्त्रींनी मागून घेतली. ती उघडता येत नाही. आत सगळीकडे राळ ओतून घट्ट केलेली असते. त्यांनी ती पकडीत धरली आणि हॅक्सॉने उभी कापली. पाऊण तास लागला. आत मऊ लोखंडाच्या पट्ट्यांचा गाभा, त्याभोवती जाड तार, तिच्यावर केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे, आणि पिवळट राळेत एक काळी रेघ, मुंगीने वाट काढावी तशी वाकडीतिकडी. राळेला तडा गेला होता आणि वीज त्या तड्यातून पळाली होती. ‘हे आसं हाय होय,’ एवढेच ते म्हणाले, आणि दोन्ही अर्ध्या फाकी त्यांनी खिडकीत ठेवल्या. मुलगा म्हणाला, ‘बघून काय उपेग? दुरुस्त तर व्हत न्हाई.’ मिस्त्रींना ते ऐकू गेले नाही, किंवा गेले असावे.

त्यानंतर त्यांनी आमच्याकडे एक काम सोपवले. त्यांना लिहिण्याचा सराव नाही. पॉइंट लावायची रीत मुलाला हाताने शिकवायची राहून गेली, कारण मुलगा हाताशी आला तोवर पॉइंटच्या गाड्या येईनाशा झाल्या होत्या. मात्र अजून वर्षातून पाच-सात जुन्या गाड्या येतात, हौशी लोकांच्या. तेव्हा सर-मॅडमनी ती रीत लिहून घ्यावी. आम्ही रविवारी जातो, ते सांगतात, आम्ही लिहितो. अकरा पाने झाली आहेत.

हे लिहून घेणे वाटले तेवढे सोपे नाही. ‘टाच कॅमच्या टकुऱ्यावर आणायची’ इथपर्यंत ठीक. ‘फिल्लर घालायचा, मिलिमीटरला सहा दोरी कमी’ यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी ०.४ मिलिमीटर लिहिले. फिल्लर गेज नसेल तर लग्नपत्रिकेचा कोपरा चालतो, हेही लिहिले, कारण त्यांचा तसा आग्रह होता. (पत्रिका श्रीमंताघरची हवी, साधी पातळ पडते.) पुढे म्हणाले, ‘सैल नको, गच्च नको. वडताना जरा धरलं पायजे.’ आम्ही ‘किंचित घर्षण जाणवले पाहिजे’ असे लिहून वाचून दाखवले. ते नाही म्हणाले. घर्षण म्हणजे घासणे. घासले तर वाट लागली. धरले पाहिजे. आम्ही ‘धरले पाहिजे’ लिहिले. टायमिंगच्या पानावर याहून बिकट प्रसंग आला. दिव्याने टायमिंग लावता येते; कॉइलीच्या खुंटीला छोटा दिवा जोडायचा, डबा हळूहळू फिरवायचा, आणि पॉइंट उघडताच दिवा लागतो ती जागा धरायची. पण ते फक्त जवळपास पोचवते. खरे टायमिंग रस्त्यावर. टॉप गिअरात वीस-पंचवीसच्या चालीवर गाडी घ्यायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. ‘गारगोट्या वाजल्यागत’ झाले पाहिजे आणि गाडीने वेग धरताच ते थांबले पाहिजे. वाजलेच नाही तर ठिणगी उशिरा. वाजतच राहिले तर लवकर. गारगोट्या किती मोठ्या? हातात खुळखुळवल्यासारख्या, की पत्र्यावर टाकल्यासारख्या? आम्ही विचारत गेलो, ते सांगत गेले, आणि पान तिथेच अडले.

गेल्या रविवारी शेजारच्या तालुक्यातले एक गृहस्थ आपली जुनी गाडी घेऊन आले. मुलगा चाकावर बसला, मिस्त्री त्याच्या शेजारी, आम्ही दोघे वही घेऊन मागे. गाव सोडल्यावर सपाटीला मुलाने टॉप टाकला आणि पाय दाबला. बॉनेटखालून बारीक खळखळ आली. मिस्त्री रस्त्याकडे बघत होते. त्यांना काही कळल्याचे दिसले नाही. त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘वाजलं?’

‘वाजलं.’

‘बंद कवा झालं?’

मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला. ‘झालंच न्हाई,’ तो म्हणाला.

‘मग म्होरं लागलंय. घे बाजूला.’ गाडी बाभळीखाली उभी राहिली. मुलाने बॉनेट उघडले, तेरा-चौदाचा पाना काढला आणि डब्याचा क्लॅम्प सैल केला. मिस्त्री बाहेर येईपर्यंत तो डब्यावर हात ठेवून थांबला होता. ‘रोटर फिरतो त्याच अंगाला,’ ते म्हणाले, ‘केसभर.’